आवाज आपला, छापखाना कुणाचा?

मराठी वाचकाची अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लेखक-विचारवंतांशी ओळख झाली ती चळवळीच्या वाटेने. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि अमेरिकी निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नावच ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून आलेलं. औरंगाबादेत म. ना. वानखेडे आणि पुढे ‘अस्मितादर्श’च्या वर्तुळात काळ्या साहित्याची चर्चा चालायची. जनार्दन वाघमारे यांनी तर त्या साहित्य-संस्कृतीवर मराठीत स्वतंत्र पुस्तक लिहिलं. एवढं असूनही आपली ही ओळख साधारण १९७० च्या आसपास थबकली. उगारलेली मूठ, काळं जाकीट, जेम्स बाल्डविनचा संताप हे आपल्याला ठाऊक असतं. पुढची तीस वर्षं मात्र सुट्या बातम्यांच्या रूपात पोचली: कुणाला नोबेल मिळालं, कुणाचं गाणं गाजलं, कुठल्या चित्रपटावर वाद झाला.

वास्तविक त्या तीस वर्षांतच खरा पेच उभा राहिला. काय बोलायचं आणि किती जोरात, हा प्रश्न साठच्या दशकाने बराचसा मिटवला होता. बोललेलं छापणार कोण, रंगमंचावर आणणार कोण, जपून ठेवणार कोण आणि त्यातून आलेला पैसा कुणाच्या खिशात जाणार, या प्रश्नांभोवती नंतरचे बहुतेक झगडे फिरत राहिले. वरवर ते शैलीचे, विचारसरणीचे, स्त्री-पुरुषांचे किंवा पिढ्यांचे दिसतात. थोडं खाली उकरलं की मालकीचा प्रश्न हाताला लागतो.

२१ फेब्रुवारी १९६५ ला न्यूयॉर्कमध्ये माल्कम एक्स यांची हत्या झाली. तोवर ग्रीनिच व्हिलेजमधल्या गोऱ्या बंडखोर कवींमध्ये वावरणारा लिरॉय जोन्स तिथून उठला, हार्लेममध्ये गेला आणि त्याने ब्लॅक आर्ट्स रेपर्टरी थिएटर अँड स्कूल काढलं. हाच पुढचा अमिरी बराका. नाटकं रस्त्यावर नेऊन करायची, कविता नाक्यावर वाचायच्या, गोऱ्या समीक्षकाच्या मान्यतेकडे बघायचंही नाही, असा बाणा. गंमत अशी, की या बाण्याचा खर्च काही अंशी सरकारी गरिबी-निर्मूलन योजनेतून चालला होता. तो पैसा आटला आणि वर्षभरात थिएटर बंद पडलं. बराका नेवार्कला परतला. त्यातून उठलेली ब्लॅक आर्ट्स चळवळ मात्र शहराशहरांत पसरली. शिकागोत म्युहाल रिचर्ड एब्रॅम्स आणि त्यांच्या साथीदारांनी १९६५ मध्ये संगीतकारांची स्वतःची संघटना काढली. १९६७ मध्ये तिथल्याच दक्षिण भागातल्या एका इमारतीच्या भिंतीवर कृष्णवर्णीय नायक-नायिकांचं भलंमोठं चित्र उभं राहिलं.

या चळवळीतली बरीच कविता आज वाचवत नाही. घोषणा पुष्कळ, बायकांना दुय्यम जागा, ज्यूंविषयी आणि समलिंगींविषयी उघड द्वेष. तिच्या कौतुकात हे झाकायचं कारण नाही. पण तिने प्रकाशनसंस्था उभ्या केल्या, आणि त्या कवितांपेक्षा जास्त टिकल्या. डेट्रॉइटमध्ये डडली रँडल नावाचा ग्रंथपाल होता. त्याने १९६५ मध्ये एका कागदावर एक कविता छापून विकण्यापासून सुरुवात केली आणि घरातूनच ब्रॉडसाइड प्रेस चालवली. शिकागोत डॉन ली, म्हणजे नंतरचे हाकी मधुबुती, यांनी १९६७ मध्ये तळघरातल्या खोलीत सायक्लोस्टाइल यंत्रावर थर्ड वर्ल्ड प्रेस सुरू केली. ही संस्था शतक उलटून पुढेही चालू राहिली.

ग्वेंडोलिन ब्रुक्सची गोष्ट इथे सावकाश सांगायला हवी. पुलित्झर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती, १९५० ची. हार्पर हे नामांकित प्रकाशन तिच्या पाठीशी होतं, वृत्तांची पक्की जाण होती, प्रतिष्ठा होती. १९६७ मध्ये नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातल्या लेखक-संमेलनात तिची तरुण मुलांशी गाठ पडली. पन्नाशीची बाई, पण ती त्यांच्या बोलण्याने मुळापासून हलली. शिकागोतल्या टोळीच्या पोरांसाठी तिने काव्यवर्ग घेतले. आणि १९६९ मध्ये तिची नवी पुस्तिका हार्परकडून न येता रँडलच्या घरगुती ब्रॉडसाइडकडून आली. पुढे तिने स्वतःचंही प्रकाशन काढलं. जाहिरात, दुकानं, मोठ्या वर्तमानपत्रांतली परीक्षणं, सगळ्यावर पाणी सोडून एखादा मान्यवर कवी छोट्या प्रकाशनाकडे जातो, असं आपल्याकडे किती वेळा घडलंय? तिची नंतरची कविता आधीच्या कवितेपेक्षा सरस होती असं मला वाटत नाही. पण ‘माझा वाचक कोण’ या प्रश्नाचं उत्तर तिने स्वतःच्या खिशाला चाट लावून दिलं.

याच सुमारास टोनी मॉरिसन अगदी उलट्या टोकाला बसली होती. रँडम हाउस या अवाढव्य प्रकाशनात ती संपादक होती आणि १९८३ पर्यंत राहिली. लोक तिला कादंबरीकार म्हणूनच ओळखतात. पण संपादकाच्या खुर्चीतून तिने जे केलं त्याचा हिशोब वेगळा मांडायला हवा. टोनी केड बंबारा आणि गेल जोन्स यांचं ललित लेखन, अँजेला डेव्हिसचं आत्मचरित्र, महंमद अलीचं आत्मचरित्र, हे सगळं तिच्या हाताखालून गेलं. १९७४ मध्ये तिने ‘द ब्लॅक बुक’ नावाचा एक अजब संग्रह काढला. त्यात जुन्या जाहिराती होत्या, गुलामांच्या विक्रीची कागदपत्रं, पेटंटचे नकाशे, छायाचित्रं, गाण्यांच्या पत्रिका. तीनशे वर्षांचा घरगुती पसारा मांडावा तसं ते पुस्तक. त्यातच मार्गारेट गार्नरचं कात्रण होतं: केंटकीहून पळालेली गुलाम बाई, जिने १८५६ मध्ये पकडले जाताना मुलीला पुन्हा गुलामीत जाऊ द्यायच्याऐवजी तिचा जीव घेतला. त्या कात्रणातून तेरा वर्षांनी ‘बिलव्हेड’ ही कादंबरी आली.

‘बिलव्हेड’ला नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं नाही. जानेवारी १९८८ मध्ये ४८ कृष्णवर्णीय लेखक-समीक्षकांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या ग्रंथ पुरवणीत निवेदन दिलं, की मॉरिसनला अजून ना हा पुरस्कार मिळालाय, ना पुलित्झर. काही आठवड्यांपूर्वीच बाल्डविन वारला होता, आणि हे दोन्ही सन्मान न मिळताच गेला होता. थोड्याच दिवसांत कादंबरीला पुलित्झर मिळालं आणि मग कुजबुज सुरू झाली, दबाव आणून मिळवलं म्हणून. १९९३ च्या नोबेलने ती कुजबुज बंद केली. पण निवेदनामागचा मुद्दा बक्षिसाच्या पलीकडचा होता. चांगलं-वाईट ठरवणाऱ्या टेबलाभोवती कोण बसतं, हे त्या ४८ जणांनी उघडपणे विचारलं. त्यांना पुरस्काराची भीक मागणारे ठरवणं अन्यायाचं होतं.

या तीस वर्षांतलं सगळ्यात कसदार काम स्त्रियांनी केलं, असं माझं मत आहे. १९७० हे वर्षच पाहा. मॉरिसनची पहिली कादंबरी, अ‍ॅलिस वॉकरची पहिली कादंबरी आणि बंबाराने संपादित केलेला ‘द ब्लॅक वुमन’ हा संग्रह, तिन्ही त्या एका वर्षात. त्यांना पूर्वसुरी शोधायच्या होत्या, आणि तिथे त्यांना झोरा नील हर्स्टन सापडली. १९३७ मध्ये एक अप्रतिम कादंबरी लिहिलेली ही बाई १९६० मध्ये फ्लॉरिडातल्या सरकारी आश्रयगृहात गरिबीत वारली. तिच्या थडग्यावर दगडसुद्धा नव्हता. १९७३ मध्ये वॉकर तिथे गेली, आपण तिची भाची आहोत असं लोकांना खुशाल सांगितलं, वाढलेल्या गवतातून अंदाजाने जागा शोधली आणि तिथे दगड बसवला. १९७५ मध्ये तिने त्यावर ‘मिझ’ मासिकात लेख लिहिला, १९७७ मध्ये रॉबर्ट हेमेनवेने लिहिलेलं चरित्र आलं, १९७८ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या प्रकाशनाने कादंबरी पुन्हा छापली. आज ती अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांत सर्रास शिकवली जाते. एखादं पुस्तक बाजारातून नाहीसं झालं की ते परंपरेतूनही नाहीसं होतं, हे या बायकांनी नीट ओळखलं होतं. म्हणूनच बार्बरा स्मिथ आणि ऑड्री लॉर्ड यांनी १९८० मध्ये किचन टेबल हे प्रकाशन काढलं.

घरातलं भांडणही मोठं होतं. मिशेल वॉलेसने १९७९ मध्ये चळवळीतल्या पुरुषी मर्दुमकीवर पुस्तक लिहिलं तेव्हा तिच्यावर चहूबाजूंनी तुटून पडले. वॉकरच्या ‘द कलर पर्पल’ला १९८३ मध्ये पुलित्झर मिळालं; १९८५ मध्ये स्पीलबर्गचा चित्रपट आला तेव्हा, काळ्या पुरुषाला जनावर दाखवलं म्हणून निदर्शनं झाली. चित्रपटाला ऑस्करची ११ नामांकनं होती, मिळालं एकही नाही. निदर्शकांच्या रागात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही, कारण पडद्यावर काळ्या पुरुषाची दुसरी चित्रं होतीच किती? पण त्या कमतरतेची किंमत एका बाईने गप्प राहून का चुकवावी, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

या भांडणातूनच विचाराच्या पातळीवर मोठी गोष्ट घडली. बोस्टनच्या कोम्बाही रिव्हर कलेक्टिव्हने १९७७ च्या जाहीरनाम्यात वंश, वर्ग, लिंग आणि लैंगिकता यांची दडपणं एकमेकांत गुंतलेली असतात असं मांडलं. १९८९ मध्ये किंबर्ली क्रेनशॉने तेच कायद्याच्या अंगाने उलगडून दाखवलं. तिने उचललेला एक खटला जनरल मोटर्सविरुद्धचा होता. कृष्णवर्णीय कामगार बायकांचं म्हणणं, कपातीत आमचाच बळी जातोय. न्यायालयाचं म्हणणं, कंपनीने बायका नेमल्या आहेत, त्यामुळे बायकांवर अन्याय नाही. आणि बायका व कृष्णवर्णीय अशी दोन्ही नाती एकत्र जोडून वेगळा दावा करता येणार नाही. पण नेमलेल्या बायका गोऱ्या होत्या, कचेरीत. आणि नेमलेले काळे पुरुष होते, कारखान्यात. मधल्या बाईला कायद्याच्या खात्यात रकानाच नव्हता. आपल्याकडे शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये दलित स्त्रीवादी भूमिकेची मांडणी केली तेव्हा या कृष्णवर्णीय स्त्रीवादाशी त्यांचा संवाद होता. १९७० पाशी थबकण्याला हा एक ठळक अपवाद.

विद्यापीठांविषयी थोडक्यात. नोव्हेंबर १९६८ ते मार्च १९६९ असा जवळजवळ पाच महिने सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात संप चालला, त्यातून कृष्णवर्णीय अभ्यासाचा पहिला विभाग निघाला. १९८८ मध्ये फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठात मोलेफी असांते यांच्या पुढाकाराने या विषयात पीएच.डी. सुरू झाली. त्यांचा आफ्रिकाकेंद्री आग्रह मला फारसा पटत नाही. इजिप्तच्या पिरॅमिडवरून ब्रॉन्क्सच्या पोराचं आयुष्य समजत नाही. १९९१ मध्ये हेन्री लुई गेट्स हार्वर्डला आले, आणि १९९७ मध्ये त्यांच्या व नेली मकाय यांच्या संपादनाखाली नॉर्टनचा अडीच हजारांवर पानांचा साहित्यसंग्रह निघाला, सोबत गाणी, प्रवचनं आणि भाषणं ऐकायला सीडी. ज्या साहित्याला अभ्यासक्रमात जागा नव्हती त्याचा आता ठोकळ्यासारखा पाठ्यग्रंथ झाला. मिळकत मोठीच. पण १९९५ मध्ये ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये अडॉल्फ रीड यांनी नव्या ‘जाहीर विचारवंतां’वर कोरडे ओढले, की हे लोक गोऱ्या वाचकाला काळ्यांची बातमी देणारे दुभाषे झालेत, ज्यांच्या वतीने बोलतात त्यांना जबाबदार नाहीत. भाषा विखारी होती. टीका खोटी म्हणता येत नाही.

हेच गेट्स १९९० मध्ये फ्लॉरिडातल्या एका न्यायालयात टू लाइव्ह क्रू या रॅप गटाच्या बाजूने तज्ज्ञ म्हणून उभे राहिले. गाणी अश्लील म्हणून कलाकारांवर खटला होता. ही अतिशयोक्तीची जुनी लोकपरंपरा आहे, असं त्यांनी ज्यूरीला समजावलं. कलाकार सुटले. त्या गाण्यांतल्या बायकांचं काय, हा सवाल मात्र स्त्रीवादी विचारवंतांनी सोडला नाही, आणि बरं केलं.

रॅपची सुरुवात ११ ऑगस्ट १९७३ ला ब्रॉन्क्समधल्या १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीतल्या पार्टीत झाली असं मानतात. महामार्गाने वस्ती उभी चिरलेली, घरमालक विम्यासाठी इमारती पेटवून देत होते. जमैकाहून आलेल्या डीजे कूल हर्कच्या लक्षात आलं, की गाण्यातला फक्त तालाचा तुकडा वाजतो तेव्हा लोक बेभान नाचतात. त्याने एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर लावून तो तुकडा लांबवत नेला. जुन्या तबकड्यांनाच या मुलांनी वाद्य बनवलं.

इथे मालकीचा गुंता सगळ्यात उघडा दिसतो. १९७९ चं पहिलं मोठं हिट ‘रॅपर्स डिलाइट’ ज्या कंपनीने काढलं तिची मालकीण सिल्व्हिया रॉबिन्सन स्वतः कृष्णवर्णीय. तरी त्यातल्या ओळी ब्रॉन्क्सच्या ग्रँडमास्टर कॅझकडून आलेल्या आणि त्याला ना श्रेय मिळालं ना पैसा; तालाचे मूळ मालक, शीक बँडचे नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स, यांनी दावा ठोकायची धमकी दिली तेव्हा कुठे त्यांचं नाव लागलं. म्हणजे मालक आपल्यातला असला की न्याय आपोआप मिळतो, या समजुतीला इथे पहिलाच तडा गेला. जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’मध्ये क्लाइड स्टबलफील्डने वाजवलेला काही सेकंदांचा ताल पुढे शेकडो गाण्यांनी उचलला. गाण्यावर नाव ब्राउनचं, त्यामुळे ढोल वाजवणाऱ्याला रॉयल्टी नाही. पब्लिक एनेमी या रॅप गटाने १९८८ च्या आपल्या अल्बममध्ये असे डझनावारी तुकडे एकमेकांवर रचून आवाजाची एक भिंतच बांधली. १९९१ मध्ये रॅपर बिझ मार्कीविरुद्धच्या, असाच तुकडा उचलल्याच्या खटल्यात न्यायाधीशांनी सरळ दहा आज्ञांमधल्या चोरीच्या आज्ञेपासून निकालाची सुरुवात केली. तिथून प्रत्येक तुकड्याची परवानगी आणि किंमत आली, आणि तसं रचणं परवडेनासं झालं. एका कलाप्रकाराचा घाट न्यायालयाने बदलावा, असं क्वचितच घडतं.

याच काळात पैसा वर सरकत होता. डेट्रॉइटमध्ये बेरी गॉर्डीने उभारलेली मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी १९८८ मध्ये ६.१ कोटी डॉलरला विकली गेली. २००० साली बीईटी ही कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठीची दूरचित्रवाहिनी व्हायाकॉम या माध्यम कंपनीने घ्यायची ठरवली तेव्हा किंमत होती सुमारे ३ अब्ज डॉलर.

एका गटाचा हिशोब कुठल्याही ताळेबंदात बसत नाही. जोसेफ बीम, मार्लन रिग्ज, एसेक्स हेम्फिल हे समलिंगी कृष्णवर्णीय लेखक-कलाकार चर्च आणि चळवळ दोन्हींनी नाकारलेले. बीमने १९८६ मध्ये अशा लेखकांचा पहिला संग्रह काढला. रिग्जचा ‘टंग्ज अनटाइड’ हा माहितीपट १९९१ मध्ये सार्वजनिक दूरचित्रवाणीवर दाखवला तेव्हा सरकारी अनुदानावरून गदारोळ झाला. १९८८, १९९४ आणि १९९५ मध्ये एड्सने तिघांनाही नेलं.

चित्रपटात चार्ल्स बर्नेटचं उदाहरण सगळ्यांना पुरून उरतं. ‘किलर ऑफ शीप’ हा त्याचा विद्यार्थीदशेतला चित्रपट, लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत सुट्टीच्या दिवशी, १० हजार डॉलरहून कमी खर्चात घेतलेला. कत्तलखान्यातला एक थकलेला कामगार, त्याची बायको, पोरं. १९९० मध्ये तो राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेला, पण थिएटरात लागू शकला नाही, कारण पार्श्वभूमीला वाजणाऱ्या काळ्या संगीताचे हक्क विकत घेतलेले नव्हते. ते घ्यायला सुमारे दीड लाख डॉलर लागले आणि चित्रपट रीतसर प्रदर्शित झाला २००७ मध्ये. ज्यूली डॅशच्या १९९१ च्या ‘डॉटर्स ऑफ द डस्ट’ला निदान थिएटर मिळालं, कृष्णवर्णीय अमेरिकन बाईचा देशभर व्यावसायिक प्रदर्शन मिळालेला तो पहिला कथापट. त्यानंतर तिचं बरंचसं काम टेलिव्हिजनवरच झालं.

रंगभूमीवरचा वाद ऑगस्ट विल्सनने अंगावर घेतला. पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्टमधला, शाळा अर्धवट सोडून वाचनालयात शिकलेला हा नाटककार. विसाव्या शतकाच्या प्रत्येक दशकावर एक अशी दहा नाटकं लिहायचा संकल्प त्याने पुरा केला आणि १९८७ व १९९० मध्ये दोन पुलित्झर घेतले. जून १९९६ मध्ये प्रिन्स्टनला नाट्यकर्मींच्या परिषदेत त्याने सांगितलं, की देशातल्या ६६ मोठ्या व्यावसायिक प्रादेशिक थिएटरांपैकी कृष्णवर्णीय म्हणता येईल असं एकच आहे, न्यू जर्सीचं क्रॉसरोड्स. गोऱ्यांच्या नाटकात काळे नट घालणं हा त्यावर उपाय नव्हे. पैसा द्या, घरं उभी करू द्या. समीक्षक-दिग्दर्शक रॉबर्ट ब्रुस्टीन यांनी हा फुटीरपणा आहे असं छापून उत्तर दिलं. जानेवारी १९९७ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये दोघे समोरासमोर आले, सूत्रसंचालनाला अ‍ॅना डेव्हियर स्मिथ. तुझी स्वतःची नाटकं तर याच गोऱ्या थिएटरांत वाढली, हा ब्रुस्टीन यांचा टोला बिनतोड होता. पण त्यामुळे विल्सनचा मुद्दा खोटा ठरत नव्हता. उलट दुसरी जागाच नव्हती हेच त्यातून दिसत होतं. क्रॉसरोड्सला १९९९ मध्ये उत्कृष्ट प्रादेशिक थिएटरचा टोनी पुरस्कार मिळाला आणि पुढच्याच वर्षी कर्जापायी हंगाम रद्द करावा लागला. विल्सनचं दहावं आणि अखेरचं नाटक, हिल डिस्ट्रिक्टमधलं एक जुनं घर पाडावं की राखावं या प्रश्नावरचं, २००५ मध्ये येल रेपर्टरी थिएटरात उघडलं, जिथे १९८४ मध्ये त्याचं पहिलं यशस्वी नाटक आलं होतं. ते थिएटर १९६६ मध्ये स्थापन केलं होतं रॉबर्ट ब्रुस्टीन यांनी.